निळ्या दोऱ्याची बाटली

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास पाल्मिराचा टिकाव दगडात घुसला आणि परत यायचं नाव घेईना.

असं आधी कधी झालं नव्हतं. मोंतार्सेल्लोच्या टेकडीचा दगड मऊ आणि फिकट, घट्ट खरवसासारखा. टिकाव मारला की वडी पडल्यासारखा तुकडा पडतो, आणि तुकड्यात हमखास एखादा शिंपला निघतो, कारण फार फार पूर्वी ही सगळी टेकडी समुद्राच्या तळाशी होती. पाल्मिराने चौदा हिवाळे हा दगड खोदला होता. दगड टिकाव सोडत नाही म्हणजे पलीकडे दगडच नाही, हे तिला कळायला हवं होतं. पण तिचं लक्ष शनिवारकडे होतं.

शनिवारी तिची बहीण येणार होती. ओत्ताविया, थोरली. छत्तीस वर्षांपूर्वी ती जहाजात बसून आर्जेन्टिनाला गेली होती. तेव्हा पाल्मिरा सतरा वर्षांची होती. आता ती त्रेपन्न वर्षांची, बिनलग्नाची आणि दोन्ही दंडांत बळ असलेली बाई होती.

ओत्ताविया गेली त्या वर्षीच्या द्राक्षांची वाइन बापाने पुढच्या वसंतात बाटल्यांत भरली. एक बाटली त्याने बाजूला काढली. बुचावर लाल लाख ओतली आणि गळ्याला निळ्या लोकरीचा दोरा बांधला. तो दोरा ओत्तावियाच्या जुन्या शालीचा होता. "पोरगी परत आली की ही फोडायची, त्याआधी कुणी हात लावायचा नाही," असं बजावून म्हातारा वाट बघत बसला आणि वाट बघतच गेला. बाटली पाल्मिराकडे राहिली.

त्या बाटलीसाठी तर हे सगळं चाललं होतं. टेकडीवरच्या प्रत्येक घराखाली तळघर असतं, आणि तळघराच्याही खाली दगडात कोरलेली आणखी एक लहान खोली. तिला इन्फेर्नोत म्हणतात, म्हणजे छोटासा नरक. पण या नरकात बारा महिने सारखा गारवा असतो आणि घरातल्या सगळ्यात चांगल्या बाटल्या तिथे निवांत झोपतात. मळ्यात बर्फ साचलं की लोक खाली उतरतात आणि खोदतात. पाल्मिराच्या बापाने एकोणीस पायऱ्या खोदल्या होत्या. पुढची वाट पाल्मिराने खोदली, मग गोल खोली, मग भिंतीत कोनाडे, आणि मधोमध मूळ दगडच न कापता ठेवलेलं टेबल. आता फक्त टेबलासमोरचा एक कोनाडा राहिला होता. निळ्या दोऱ्याच्या बाटलीचा.

तिने टिकावाचा दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय भिंतीला लावला आणि ओढला. टिकाव आला, त्याच्यामागून बादलीभर दगड आला, आणि त्यामागून वाऱ्याची झुळूक आली. मेणबत्ती फडफडली.

जमिनीखाली पाच पुरुष खोल, आणि वारा.

पाल्मिराने भोक मोठं केलं, मेणबत्ती आत धरली आणि डोकं घातलं. समोर दुसरी खोली होती. तीही गोल. तिथेही कोनाडे, कोनाड्यांत बाटल्या. पण सगळ्या बाटल्यांची तोंडं उलट्या बाजूला. डावखुऱ्या माणसाने ठेवल्यासारखी.

या आळीत डावखुरा एकच होता. शेजारचा एवाझिओ कोप्पो.

झालं होतं ते असं. उजव्या हाताचा माणूस भिंतीसमोर उभा राहून टिकाव मारतो तेव्हा घाव उजव्या खांद्यावरून निघतो आणि डावीकडे उतरतो. त्यामुळे डावा कोपरा दर वेळी बोटभर जास्त कापला जातो. एका दिवसात ते दिसत नाही. चौदा हिवाळ्यांत मात्र सरळ वाटणारी वाट चांगली डावीकडे वळते. डावखुऱ्याची वाट तशीच उजवीकडे वळते. पाल्मिराचं घर उजवीकडे आणि एवाझिओचं डावीकडे. दोघंही आपापल्या मते टेकडीच्या पोटात सरळ चालले होते आणि प्रत्यक्षात एकमेकांकडे चालले होते. ते दोघं एकमेकांशी बारा वर्षं बोलत नव्हते हे लक्षात घेतलं तर दगडाने चांगलीच थट्टा केली म्हणायची.

अगदीच बोलत नव्हते असंही नाही. कुंपणाशी पाल्मिराचं गाढव बांधलेलं असे. त्याचं नाव जनरल. युद्ध संपलं त्या वर्षी एवाझिओने कोंबड्यांवरून काहीतरी खुसपट काढलं, दार आपटलं, आणि तेव्हापासून दोघांचा सगळा व्यवहार जनरलच्या मार्फत चाले.

"जनरल, काही लोकांच्या कोंबड्या माझा पालक खातात," असं पाल्मिरा गाढवाच्या कानात मोठ्याने सांगे.

"जनरल, काही लोकांच्या पालकाला कोंबडीसुद्धा तोंड लावणार नाही," असं कुंपणापलीकडून एवाझिओ सांगे.

जनरल दोघांचंही ऐकून घेई आणि गवत खाई.

आता पाल्मिरा कमरेपर्यंत एवाझिओच्या इन्फेर्नोतमध्ये लोंबकळत होती आणि मध्ये गाढव नव्हतं. शहाण्या बाईने मागे सरून भोक बुजवलं असतं. पण शेजाऱ्याच्या बाटल्या मोजायची संधी बारा वर्षांत पहिल्यांदाच आली होती. ती आणखी थोडी पुढे सरकली. कोपराचा धक्का लागून दोन बाटल्या किणकिणल्या.

वर दार वाजलं. पायऱ्यांवर पावलं वाजली. पाल्मिराने मागे व्हायचा प्रयत्न केला, पण पुढे जाताना भोकाने ढुंगणाला जेवढी जागा दिली होती तेवढी परत येताना देईना.

एवाझिओ कंदील घेऊन शेवटच्या पायरीवर आला आणि थांबला. भिंतीतून एक बाई बाहेर आली होती. केस पांढरे, तोंड पांढरं, डोक्याचा रुमाल पांढरा. दगडाच्या पिठात ती नखशिखांत बुडाली होती, आणि हातातल्या मेणबत्तीचा उजेड तिच्याभोवती कडं धरून उभा होता.

एवाझिओने कंदील खाली ठेवला, टोपी काढली आणि पायरीवर बसला.

"आलीस का, मार्गेरिता," तो म्हणाला. आमटीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या साध्या आवाजात. "येशील असं वाटलंच होतं मला."

मार्गेरिता म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन सात वर्षं झाली होती.

पाल्मिराच्या पोटातून हसू उसळलं. ते तिने ओठांत धरलं. "हूं," ती म्हणाली.

"कोंबड्या विकल्या म्हणून आलीस ना? अगं, त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. अंडी देईनात. नुसत्या शेजारणीचा पालक खायच्या."

"हूं."

"खायच्या, मान्य आहे. मीच कुंपणाची फळी काढून ठेवायचो." त्याने मान खाजवली. "आणि तुझी तांब्याची कढई मी दिली नाही कुणाला. गळत होती म्हणून सांधायला दिलीय. मक्याच्या पिठाची पोलेन्ता आता साध्या पातेल्यातच घोटतो. खाली लागते."

हसू दाबता दाबता पाल्मिराच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पिठावर त्याचे दोन ओहोळ झाले. एवाझिओने ते पाहिलं आणि तोही गहिवरला.

"रडू नकोस गं. बाटलीचं म्हणतेस ना? नाही सांगितलं अजून. रोज ठरवतो. सकाळी ठरवतो, आणि ती कुंपणाशी आली की त्या गाढवाकडे बघून भलतंच बोलतो."

"कोणत्या बाटलीचं?" पाल्मिरा म्हणाली. आवाज बदलायचं तिला भानच राहिलं नाही. एवाझिओलाही ते कळलं नाही.

"कोणत्या म्हणून काय विचारतेस? तूच तर मरेपर्यंत टोचत होतीस. निळ्या दोऱ्याची."

पाल्मिराचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

मग एवाझिओने सगळं सांगितलं. जर्मन सैनिक घरोघर वाइन शोधत फिरत होते, तेव्हा पाल्मिराच्या बाटल्या त्याने आपल्या तळघरात भिंतीमागे लपवल्या होत्या. हे पाल्मिराला माहीत होतं. दोघांनी मिळूनच ती भिंत रचली होती. मग एप्रिलमध्ये युद्ध संपल्याची बातमी आली. घंटा वाजल्या, दुपारीच सगळा गाव चर्चसमोर नाचायला लागला, आणि कुणीतरी ओरडलं, एवाझिओ, काहीतरी चांगलं आण. तो धावत आला, भिंतीची एक वीट काढली, अंधारात हात घातला आणि हाताला लागली ती बाटली घेऊन धावत गेला. गर्दीत फोडली, मोठ्या सुरईत ओतली, सुरई फिरली. संध्याकाळी त्याच्या खिशात निळा दोरा निघाला.

"पोस्टातून लाल लाख आणली," एवाझिओ म्हणाला, "तसलीच जुनी बाटली शोधली, माझीच चव्वेचाळीस सालची बार्बेरा, आपली रोजची लाल वाइन, भरली, दोरा बांधला आणि वर काजळी चोळली. तिला काही कळलं नाही. पण माझं काय, मार्गेरिता? तिच्या तोंडाकडे बघवेना. भांडणच काढलं की तोंडाकडे बघावं लागत नाही."



"एवाझिओ कोप्पो," मग भिंतीतली बाई म्हणाली, "मी पाल्मिरा आहे."

एवाझिओने कंदील उचलून नीट पाहिलं. "मग मार्गेरिता कुठे आहे?"

"ते मला काय माहीत? मला आधी ढकल. मी अडकलेय."

त्याने तिच्या डोक्याला हात लावून ढकललं. दोघांना मिळून थोडा वेळ लागला. ती आपल्या बाजूला धपकन पडली, उठली, रिकाम्या पोत्याने भोक झाकलं आणि वर गेली.

शुक्रवारी ती दिवसभर ती बाटली स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसली. बारा वर्षं तिने ही बाटली दर सणाला हळुवार पुसली होती. नाताळला तिला शुभेच्छा दिल्या होत्या. ओत्तावियाला प्रत्येक पत्रात लिहिलं होतं, बाटली सुखरूप आहे, वाट बघते आहे. आणि ओत्ताविया उलट लिहायची की मुलांना, नातवंडांना सगळ्यांना बाटलीची गोष्ट पाठ आहे, शेजारपाजारच्यांनाही पाठ आहे. आता सहा हजार मैलांवरून ती येणार, आणि पेल्यात काय? शेजाऱ्याची आंबट बार्बेरा.

न सांगणं सोपं होतं. लाख लाल होती, दोरा खरा होता. छत्तीस वर्षांनी चव कोणाला आठवते?

दुपारी ती जनरलला गवत घालायला गेली. कुंपणापलीकडे एवाझिओ उभाच होता.

"जनरल," तो म्हणाला, "तिला म्हणावं, भिंत मी बांधून देतो. उद्या पाहुणी यायच्या आत."

"जनरल," पाल्मिरा म्हणाली, "त्याला म्हणावं, भिंतीला हात लावलास तर हात मोडून ठेवीन. डावा."

जनरलने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. इतकं थेट बोलणं त्याच्या कानांवरून बऱ्याच वर्षांत गेलं नव्हतं.

शनिवारी बस चौकात थांबली आणि तिच्यातून आधी दोन पेट्या, मग एक कोट आणि मग कोटातली ओत्ताविया उतरली. ती पिंपासारखी गोल झाली होती. तिने पाल्मिराला दोन्ही गालांवर मुके दिले, मग लांब धरून पाहिलं.

"तू वाळलीस."

"तू दोघींपुरती जाड झालीस, म्हणून."

"बाटली कुठाय?"

"आधी बस तरी. सूप तयार आहे."

"छत्तीस वर्षं बसलेच होते. बाटली कुठाय?"

ओत्ताविया एकोणीस पायऱ्या बाजूने उतरली, कारण समोरून ती मावत नव्हती. गोल खोलीत आल्यावर मात्र ती बाटली विसरली. तिने भिंतीवरून हात फिरवला. एका शिंपल्यावर बोट थांबलं. "बाबांनी खोदलं हे?"

"पायऱ्या बाबांनी. बाकी मी."

"एकटीने?"

पाल्मिराने टेबलावर बाटली ठेवली, दोन पेले ठेवले. ओत्तावियाने निळ्या दोऱ्याला हात लावला. "माझी शाल," ती म्हणाली. "कोपऱ्याला मांजरीने उसवली होती ती. बाबांनी ओरडा मला दिला होता."

पाल्मिराने बूच काढायचा स्क्रू हातात घेतला. आता. आता नाही बोललं तर कधीच नाही. समोर पोतं लटकत होतं आणि पोत्याच्या कडेने उजेडाची बारीक रेघ येत होती. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं.

"ओत्ताविया, ही बाबांची वाइन नाही," ती म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लपवलेल्या बाटल्या, घंटा, अंधारात घातलेला हात, सुरई, पोस्टाची लाख.

ओत्ताविया ऐकत होती. तिचा चेहरा दगडासारखा झाला. पोत्यामागची रेघसुद्धा हलायची थांबली.

"म्हणजे बाबांची प्यायली."

"प्यायली. सगळ्या गावाने."

"तू?"

पाल्मिराने स्क्रू खाली ठेवला. दोन दिवस तिने याचा विचारच केला नव्हता. तिने एवाझिओचा राग केला होता, बाटलीचा केला होता, स्वतःचासुद्धा केला होता. पण सुरई तर तिच्याही हातात आली होती. तिने दोन्ही हातांनी उचलून तीन मोठे घोट घेतले होते.

"मी पण," ती म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं. "मी पण प्यायले गं."

"मग सांग ना," ओत्ताविया टेबलावर ओणवी झाली. "कशी होती?"

पाल्मिराने डोळे मिटले. चव आठवेना. जिभेवर काहीच येईना. पण पाय आठवले. "मी न्हाव्याबरोबर नाचले," ती म्हणाली. "मग पाद्रीबाबांच्या भावाबरोबर. मग मार्गेरिताबरोबर, आम्ही दोघी नुसत्या गरागरा फिरलो. माझ्या बुटाची टाच तुटली. मग मी दुसरी पण काढून फेकली, ती न्हाव्याच्या टोपीत पडली. मी चर्चच्या पायऱ्या नाचत चढले आणि नाचत उतरले. मला वाटत होतं बाबा कुठेतरी गर्दीतच आहेत. इतकं वाटत होतं की मी वळून वळून बघत होते."

"तू?" ओत्ताविया म्हणाली. "तू माझ्या निरोपाच्या जेवणात सुद्धा नाचली नव्हतीस. बाबांनी हात धरून ओढलं तर टेबलाखाली बसलीस."

"हो ना."

"कशी नाचलीस? दाखव."

"वेडी आहेस का? इथे?"

"सहा हजार मैल आलेय मी. बाबांची वाइन कशी होती ते मला बघायचंय. दाखव."

आणि तेवढ्यात पोत्यामागून गुणगुणणं सुरू झालं. आधी अगदी हळू, मग जरा धीट. तीच चाल. चर्चसमोर त्या दुपारी वाजत होती ती, तीन ठेके आणि एक उडी. दोन बाटल्या एकमेकींवर टिणटिण वाजू लागल्या.

ओत्तावियाने पोतं बाजूला केलं. भोकात एवाझिओचं डोकं होतं, कान लाल झाले होते.

"हा का तो चोर?"

"हाच तो."

"ये रे अलीकडे. तिकडून काय वाजवतोस?"

"मावणार नाही मी."

"ती मावली तर तू मावशील."

त्याला ओढताना पाल्मिराने डावा हात धरला आणि ओत्तावियाने उजवा. तो आला तो थोडी भिंत घेऊनच आला. मग भोक दारापेक्षा मोठं झालं आणि दोन गोल खोल्यांची मिळून एक लांबट खोली झाली, मधोमध दगडी टेबल असलेली. आता नाचायला जागा कमी पडणार नव्हती.

पाल्मिरा आधी दोन पावलं टाकून थांबली. तिसऱ्या पावलाला मात्र तिचे पाय तिच्या आधी निघाले. एवाझिओ गाणं तोंडाने म्हणत होता आणि फिरताना नेहमी उलट बाजूला फिरत होता, त्यामुळे दर फेरीला दोघांची टक्कर होत होती.

"उजवीकडे फीर ना, गाढवा."

"उजवीकडेच फिरतोय."

"ते डावीकडे आहे."

ओत्ताविया कोटासकट मध्ये घुसली. तिघं टेबलाभोवती फिरू लागली. छताचं पांढरं पीठ खाली सांडलं, केसांवर, खांद्यांवर, पेल्यांत. बाटल्या कोनाड्यांत डुलत होत्या. ओत्ताविया इतकी हसत होती की तिला उचकी लागली. वर जनरलने आपल्या पायाखाली काय चाललंय ते ऐकलं आणि तो जीव तोडून ओरडायला लागला, तेव्हा तर पाल्मिराला टेबल धरून बसावंच लागलं.

दम परत आल्यावर त्यांनी निळ्या दोऱ्याची बाटली फोडली. ओत्तावियाने पहिला घोट घेतला, तोंडात फिरवला आणि एवाझिओकडे पाहिलं.

"ही अशी वाइन तू बाबांच्या बाटलीत भरलीस?"

"युद्धाचं वर्ष होतं," एवाझिओ म्हणाला. "वेली छाटायला माणसं नव्हती."

"आंबट आहे."

"बारा वर्षं ऐकून घेतेय ती, दर नाताळला शुभेच्छा. कोण आंबट होणार नाही?" पाल्मिरा म्हणाली आणि आपला पेला पुढे केला. त्यांनी बाटली संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओत्ताविया स्वयंपाकघरात पत्र लिहायला बसली. मुलांना, नातवंडांना आणि गोष्ट पाठ असलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना. पहिली ओळ लिहून ती बराच वेळ थांबली. मग तिने लिहिलं, तुमच्या आजोबांची वाइन अशी होती की तिने तुमच्या मावशीच्या दोन्ही टाचा मोडल्या. तिने ती ओळ पुन्हा वाचली, समाधानाने मान हलवली आणि निळा दोरा पाकिटात घातला.

खिडकीतून कुंपण दिसत होतं. पाल्मिरा आणि एवाझिओ भिंत नीट कमानीसारखी कशी कापायची यावर भांडत होते, आणि या वेळी तोंडाकडे बघून भांडत होते. जनरल मधोमध उभा होता. कान टवकारून, आपल्याला केव्हा सांगताहेत म्हणून वाट बघत.